चुकणारा मृदंग

कडूबानं रुईचं शेवटचं पान तव्यावर उलथलं, बोटाच्या टोकानं त्यावर तिळाचं तेल फिरवलं आणि ते मऊ पडायची वाट पाहत गॅसपाशी उभा राहिला. पान जास्त तापलं की कडक होतं आणि पाठीला बोचतं. कमी तापलं तर ऊब धरत नाही. मृदंगावरच्या कातडी पुडीचा ताण पाहावा तसा त्यानं पानाला हलकेच हात लावून पाहिला. झालं होतं.

"कडूबा, पान तापवून राह्यला का सैपाक करून राह्यला बे?" अंगणातून आवाज आला.

"आलो बुवा. घाई काऊन करता?"

"पाठ गारठून गेली रे. हाडात थंडी शिरली."

अंगणात उन्हाच्या पट्ट्यात बाज टाकलेली होती आणि तिच्यावर वैजनाथबुवा कुशीवर निजले होते. पौषातलं ऊन, दिसायला भरपूर, अंगाला कमी. मारुतीच्या देवळापुढं सप्ताह बसला होता. तिथल्या भोंग्यातून कुणा तरुण महाराजांचं प्रवचन धामणगावच्या घराघरांवरून वाहत येत होतं. बुवांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, कडूबानंच आग्रहानं मंडपात पाठवलं होतं. "मी हाव ना वहिनी. तुम्ही जा, दोन घडी कानावर नाव पडू द्या," तो म्हणाला होता. सून दीपमाला गावातल्याच आरोग्य केंद्रात नर्स होती, ती ड्युटीवर. मुलगा हर्षल संग्रामपूरला शिक्षक. तो शनिवारी यायचा.

कडूबानं बुवांचा सदरा आणि बंडी वर सारली. पाठ केवढीशी झाली होती! याच पाठीमागं बसून त्यानं उभी हयात मृदंग वाजवला होता. तेव्हा ती पाठ म्हणजे देवळाच्या दारासारखी रुंद वाटायची. घामानं अंगरखा चिकटलेला, उपरणं उडतं आहे, आणि समोरचा मंडप त्या पाठीआडून तुकड्यातुकड्यानं दिसतो आहे. आता कर्करोग हाडांत उतरला होता आणि कण्याचे मणी मोजून घ्यावेत असे वर आले होते.

डाव्या खांद्याखाली काचेसारखी पातळ, चौकोनी पट्टी चिकटवलेली होती.

"सूनबाईनं लावली का ही?"

"हाव. दुखण्याची हाय. तिसऱ्या दिवशी बदलते."

कडूबानं मान हलवली. कंबर धरली की त्याच्या शेतावरच्या बायाही दुकानातून अशीच पट्टी आणून लावायच्या. पट्टीवरून शेक दिला की औषध लवकर आत जातं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं पानं पाठभर लावली, पट्टीवरही लावली. मग चुलखंडावर तापवलेली वीट जुन्या धोतरात गुंडाळून पाठीशी टेकवली आणि वरून गोधडी नीट खोचली.

"अहाहा," बुवा म्हणाले. "कडूबा, हे पुण्य तुले कोण्या जन्मी पुरन बे!"

"याच जन्मी पुरवून घेतो. संध्याकाळी एक गौळण म्हणा माझ्यासाठी."

"म्हणीन. पन तू चुकशीन."

"मी कवा चुकलो?"

बुवा हसले. हसताना दुखायचं, म्हणून ते अलीकडं नुसते डोळ्यांनी हसत. आज मात्र खांदे हलले.

"रोहिणखेडचं काल्याचं कीर्तन आठवते का?"

"तुम्ही मले भर मंडपात बैल म्हणलं होतं."

"बैल नाई म्हणलं. 'बैल कुठी नेला' असं म्हणलं. फरक हाय."

फरक होता, आणि तो सगळ्या तालुक्याला पाठ होता. रोहिणखेडला दहीहंडी मंडपात टांगलेली, लाह्यांच्या पराती भरलेल्या, माणूस माणसावर बसलेलं. बुवांचा अभंग रंगाला आला होता. आवाज चढत चढत अशा जागी पोचला की बाया डोळ्यांना पदर लावून थांबल्या. आणि नेमका तिथंच कडूबाचा ठेका निसटला. थाप पडायची तिथं पडलीच नाही. बुवा थांबले, गर्रकन मागं वळले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "कडूबा, बरा सरळ चालला होता, बैल कुठी नेला बे?" मंडप असा हसला की हंडीतलं दही हललं, असं लोक पुढं सांगत. बुवाही हसले. उपरण्यानं तोंड पुसलं, तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले, आणि पुन्हा तोच चरण तिथूनच उचलला. त्या दिवशीच्या काल्याची आठवण अजून रोहिणखेडची म्हातारी माणसं काढतात.

नारदाच्या गादीवर उभे असले की बुवांची मराठी पोथीसारखी शुद्ध असायची. कडूबा चुकला की मात्र तिच्यातून अशी वऱ्हाडी बाहेर यायची. लोकांना तेच हवं असायचं. कडूबा काही रोज चुकत नसे. पण ज्या कीर्तनात चुकायचा, त्यात ऐन रंगात चुकायचा. पोरं त्याला चुक्याबुवा म्हणायची. लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारायचे, "कडूबा, हात तरी तोंडाकडं बरोबर जाते ना?" तोही हसायचा. एकदा कोथळीच्या पाटलांनी बुवांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "महाराज, एवढा तुमचा गळा आन् संगतीले हा? खामगावचा एक पोरगा हाय, सोन्यासारखा वाजवते." बुवा म्हणाले होते, "हा चुकते म्हणून तर मी ध्यानावर राह्यतो, पाटील."

कीर्तनाला निघण्याआधी कडूबा बुवांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहायचा. मृदंगाच्या डाव्या अंगाला लावायला मळलेली कणीक लागे, आणि ती तो कायम इथूनच न्यायचा. सत्यभामाबाई मूठभर गोळा ओल्या फडक्यात बांधून द्यायच्या.

"सांभाळून घ्या हो भाऊजी," त्या म्हणायच्या.

"हाव वहिनी," तो म्हणायचा.

एवढंच बोलणं. मग सायकल, नाहीतर एसटी, नाहीतर कुणाची बैलगाडी; मांडीवर मृदंग, आणि फडक्यातून कणकेचा वास.

"बुवा?" कडूबानं वाकून पाहिलं.

बुवांना झोप लागली होती.

किती दिवसांनी! घरातल्या भिंतींनीसुद्धा बुवांचं कण्हणं पाठ केलं होतं. कडूबानं गोधडी वर ओढली. वीट निवली तेव्हा दुसरी तापवून आणली. दाराशी कोथिंबीर विकणारी आली, तिला त्यानं ओठांवर बोट ठेवून तिथूनच परतवलं. कोंबडा बाजेखाली शिरू पाहत होता, त्याला पंचा झटकून हाकललं. मग तो बाजेच्या पायथ्याशी उकिडवा बसला. बुवा घोरत होते. खोल, सावकाश, एखाद्या विलंबित ठेक्यासारखं. त्यात एक घोरणं होऊन दुसरं येईपर्यंत मोठी जागा सुटत होती. एकदोनदा कडूबाची मान आपसूक पुढं झाली. सम यायला हवी होती, आली नव्हती. मग यायची. झोपेत कसली आली सम, असं मनाशी म्हणून तो पुन्हा मागं टेकला.

सत्यभामाबाई प्रसाद घेऊन आल्या. कडूबानं त्यांनाही बोटानं खुणावलं. त्या अंगणाच्या कडेलाच थांबल्या, नवऱ्याच्या निवांत चेहऱ्याकडं पाहत राहिल्या, आणि प्रसादाचा द्रोण हातात तसाच ठेवून त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले.

"नाव कानावर घालून आली," त्या अगदी हळू म्हणाल्या. "त्याचं हे फळ."

दुपारच्या जेवणाला दीपमाला घरी आली तेव्हा दोघेही असे बसलेले होते. राखण करत असल्यासारखे. तिनं चपला काढता काढता सासऱ्यांकडं पाहिलं. एक चप्पल पायातच राहिली.

"किती वेळ झाला झोपून?"

"हळू बोल सूनबाई," कडूबा म्हणाला. "मस्त झोप लागली हाय."

तिनं ऐकलंच नाही. ती बाजेशी गुडघ्यावर बसली, बुवांच्या ओठांकडं पाहिलं. ओठ जांभळट झाले होते. तिनं पापणी वर केली. आत बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी.

"मामाजी! मामाजी, डोळे उघडा!" तिनं मुठीच्या हाडांनी त्यांची छाती जोरात घासली. बुवांच्या कपाळाला एक आठी पडली, एक श्वास आत गेला, आणि पुन्हा काही नाही. तिनं त्यांना उताणं करून हनुवटी वर उचलली, मान मागं केली. त्यात तिचा एक हात त्यांच्या पाठीखाली गेला आणि तिथंच थांबला.

"हे गरम कशानं?"

सत्यभामाबाईंनी कडूबाकडं पाहिलं.

"पाठ गरम कशानं आहे?"

"शेक देल्ला," कडूबा म्हणाला. "मीच. त्यायले थंडी वाजत होती म्हणून..."

दीपमालानं वीट ओढून अंगणात टाकली. पानं निघाली, त्यांच्याबरोबर तेलकट झालेली पट्टी निघाली. "ओलं फडकं आणा आई. पाठ पुसा, गार करा." ती आत धावली. फळीवरचा प्लास्टिकचा डबा घेऊन आली. डबा उघडून तिनं आतली काचेची छोटी कुपी काढली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पट्टी सुरू करताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पट्टीला ऊब लागू द्यायची नाही. शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. ते तिनं घरातल्या प्रत्येकाला बजावलं होतं. कडूबाकाका घरातलेच, हे तेवढ्यापुरतं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दुसरी गोष्ट ही कुपी. तू नर्स आहेस म्हणून देतो, ते म्हणाले होते. नॅलोक्सोन. श्वास थांबायला लागला तर हे औषध त्या औषधाला त्याच्या जागेवरून उठवतं. पण जपून. सगळं एकदम देऊ नकोस. श्वासापुरतंच उठव.

तिनं औषध सलाइनच्या पाण्यात पातळ केलं. "काका, हात धरा यांचा. असा. हलू देऊ नका." कडूबानं बुवांचा हात धरला. मनगटापाशी तिनं शीर शोधली आणि सुई घातली. थोडंसंच ढकलून थांबली.

"मामाजी, श्वास घ्या!"

बुवांनी घेतला.

"सूनबाई," कडूबा म्हणाला, "त्या पट्टीत होतं काय?"

"अफूच्या जातीचं औषध काका. तीन दिवस हळूहळू कातडीतून झिरपतं. ऊब लागली की भसकन आत जातं. दुखणं निजवता निजवता श्वासालाही निजवतं ते." तिची नजर छातीवरून हलली नव्हती. "मामाजी, घ्या अजून एक!"

कडूबाला आठवलं: शेक दिला की औषध लवकर आत जातं. त्याला ते ठाऊक होतं. अगदी बरोबर ठाऊक होतं. त्यानं बुवांचा हात सोडला नाही. पण मान खाली घातली, ती वर केली नाही.

तिनं अजून थोडं औषध दिलं. ओठांवरचा जांभळा रंग ओसरू लागला. छाती वर-खाली होऊ लागली, आधी अडखळत, मग एकामागून एक. आणि मग ते कण्हणं आलं. घरानं पाठ केलेलं तेच कण्हणं, बुवांच्या घशातून, झोपेच्या तळातून वर आलं. त्यांचा चेहरा आक्रसला.

सत्यभामाबाई ओलं फडकं हातात धरून उभ्या होत्या.

"काऊन उठवलं गं बाई?" त्या म्हणाल्या. "किती सुखानं निजले होते."

"ती झोप नव्हती आई," दीपमाला म्हणाली. सुईच्या जागेवर कापूस दाबून धरत तिनं सिरिंजमध्ये उरलेल्या औषधाकडं पाहिलं, आणि ते तिथंच राहू दिलं. श्वासापुरतंच.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम शिबिराला गेल्या होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, केलंस ते ठीक केलंस, आता थेट बुलढाण्याला ने; हे इंजेक्शन लवकर ओसरतं आणि कातडीत साठलेलं औषध अजून आत जात राहील. ते पुन्हा झोपेत बुडतील. वाटेत एकटं पडू देऊ नकोस. केंद्राची गाडी दाराशी आली. ड्रायव्हर दयारामनं स्ट्रेचर काढलं, ऑक्सिजनची नळी बुवांच्या नाकाशी लावली.

तेवढ्यात हर्षलचा फोन आला. दीपमालानं दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून त्याचा आवाज अंगणभर ऐकू आला.

"त्यायले सांगतलं कोनं शेक द्याले? उभ्या जन्मात एक काम धड केलं का त्यानं? त्यायले म्हणा आता हात लावू नका बाबांले. घरी जा म्हणा!"

दीपमालानं फोन कानाशी घट्ट दाबला, पण सांडायचं ते सांडून गेलं होतं. कडूबा उठला. विटेला गुंडाळलेलं धोतर त्यानं अंगणातून उचललं, झटकलं, त्याची घडी केली आणि ती बाजेच्या पायावर ठेवली. मग फाटकाकडं चालू लागला.

"भाऊजी."

सत्यभामाबाई गाडीच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. आत दीपमालाशेजारी एकाच माणसापुरती जागा होती.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, हर्षल म्हणते..."

"हर्षल लेकरू हाय. मी हाक मारली तर हे नुसते 'हं' म्हणतात. तुमच्याशी भांडतात तरी." त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि बाजूला झाल्या. "सांभाळून घ्या हो भाऊजी."

कडूबा फाटकापासून परत आला.

"हाव वहिनी," तो म्हणाला, आणि गाडीत चढला.

मोताळा मागं पडेपर्यंत बरं चाललं होतं. बुवा कण्हत होते, आणि कण्हताहेत तोवर दीपमालाला काळजी नव्हती. तिनं त्यांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला होता. राजूर घाट लागला. वाळलेल्या सागाची मोठमोठी पानं रस्त्यावर पडली होती आणि गाडीच्या वाऱ्यानं उठून मागच्या काचेवर आदळत होती. पहिल्या वळणावर बुवांचं कण्हणं हळू झालं. दुसऱ्या वळणावर थांबलं.

"मामाजी!"

"बुवा! ओ बुवा!"

एक श्वास. मग जागा. मोठी जागा.

"हाक मारत राहा काका. सांगितलं की घेतात ते. औषधानं श्वास घ्यायचं विसरतात, एवढंच."

कडूबानं हाका मारल्या. पहिल्या दोन हाकांना बुवांनी श्वास घेतला, तिसरीला नुसती पापणी हलली. दीपमाला सिरिंज काढू लागली. "दयारामभाऊ, कडेला घ्या, थांबवा जरा."

हाका थकल्या तेव्हा कडूबाचा हात आपोआप स्ट्रेचरच्या लोखंडी कडेवर गेला. बोटांनी ठेका धरला, रोजचा, कीर्तनाच्या सुरुवातीचा. ठेका ऐकताच बुवांच्या चेहऱ्यावरची आठी विरली. चेहरा शांत झाला. फारच शांत झाला. श्वासाची जागा आली आणि रिकामी राहिली.

कडूबाची थाप चुकली.

बुवांच्या भुवया जवळ आल्या. ओठ हलले. बोलायला हवा लागते. ती आत गेली.

"...चुकला बे."

"चुकलो बुवा," कडूबा म्हणाला. "पुन्हा धरतो."

त्यानं पुन्हा धरला. पुन्हा चुकला. बुवांनी पुन्हा श्वास घेतला आणि या वेळी तो शब्दांवर खर्च केला. "माती... केली..." दयारामनं गाडी कडेला थांबवली. दीपमालानं हात धरला, शीर शोधली, औषध थोडं ढकललं. बाहेर एक एसटी भोंगा वाजवत वळणावरून खाली गेली. कडूबा वाजवत होता. सरळ चालायचा, चालायचा, आणि मधेच बैल बांधावर जायचा. कधी लवकर, कधी उशिरा.

दीपमाला चिमट्यावरचे आकडे पाहत होती. आकडा खाली घसरायच्या आधीच काकांची थाप चुकत होती. तिनं मान वर करून पाहिलं. कडूबाची पाठ यंत्राकडं होती. तो बुवांच्या गळ्याखालच्या खोबणीकडं पाहत होता, जिथं श्वास आत जाताना कातडी किंचित आत ओढली जाते. तिथं हालचाल मंदावली की त्याचं बोट निसटायचं.

ती सून होऊन आली त्या वर्षी मंडपात बायकांत बसून तिनं बुवांचं कीर्तन ऐकलं होतं. तेव्हाही काकांची थाप चुकली आणि सगळे हसले होते, तीही हसली होती. शेजारी बसलेल्या सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या. मागं रेलून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता, आणि समोर बुवा उपरण्यानं तोंड पुसत, धापा लपवत, तांब्यातलं पाणी पीत होते. तरुणपणी बुवांना छातीचं मोठं दुखणं येऊन गेलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी गाणं सोडायला सांगितलं होतं, हे तिला या घरात कधीतरी ओझरतं कळलं होतं.

"काका," ती म्हणाली. "कीर्तनात तुम्ही..."

"गाडी काढा म्हणा," कडूबा म्हणाला. "वहिनी वाट पाहात असतीन फोनाची."

गाडी निघाली. या डोसानं काम केलं होतं. छाती आता न सांगता हलत होती. कण्हणं परत आलं होतं, पण दबलेलं, सोसता येईल असं. कडूबा वाजवतच होता. एका वळणावर त्यानं पुन्हा ठेका सोडला.

बुवांनी डोळे उघडले. जड, अर्धेच. ते छताकडं पाहत होते.

"कडूबा."

"हाव बुवा. चुकलो."

"नाई." बुवांनी थांबून श्वास घेतला. कुणी सांगितला नव्हता. "आता दम नाई लागला मले."

कडूबाचं बोट लोखंडावर टेकलेलं होतं, ते तिथंच राहिलं.

"सरळ वाजव," बुवा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

कडूबानं दीपमालाकडं पाहिलं, विचारावं तसं. तिनं यंत्राकडं पाहिलं, मग बुवांच्या छातीकडं, आणि मान हलवली. त्यानं ओला झालेला तळहात धोतराला पुसला. समेवरून सुरुवात केली.

गाडी घाटमाथ्यावर आली. पठारावरचं ऊन एकदम आत शिरलं, बुलढाण्याची पहिली घरं दिसू लागली. ठेका कुठंही अडला नाही. पांघरुणाच्या कडेशी, चिमटा लावलेलं बुवांचं बोट दर समेवर हळूच वर होत होतं आणि खाली टेकत होतं.